हार घालायच्या आधीची फ्रेम

"ही बाई काय करतेय?" सरांनी विचारलं.

"टाईट आहे सर," केदार म्हणाला. "मागून कुणीतरी मान धरलीय बघा ना. सोडली तर खाली पडेल."

अख्खा वर्ग हसला. खिदळून हसला. पुढे बसलेल्या जुहूच्या मुलीने तोंडावर हात घेतला, पण हसली तीही. सर ओठांच्या कोपऱ्यातून थोडंसं हसले. मग लाल पेन्सिलीचं टोक सॉफ्टबोर्डवरच्या त्या फोटोला लावून म्हणाले, "चला, पुढे बोला. अजून काय दिसतं?"

"दारिद्र्य." "टेक्स्चर." "देशी, सर." पुन्हा हशा.

तो फोटो मी काढला होता. त्यातली बाई प्यायलेली नव्हती. ती मेलेली होती. ती माझी आई होती.

मी खिडकीजवळ बसले होते. आई इथे कशी आली हेच मला कळेना. मी हा फोटो निवडून दिला नव्हता. मी तो मोठा केला नव्हता. आणि जो टांगला होता तो पुरताही नव्हता. आजूबाजूचं सगळं कापून टाकलेलं. उरली होती आई, मिटलेल्या डोळ्यांची, आणि तिच्या मानेमागून आलेला एक हात. तो माझ्या मावशीचा.

"लाईट बघा," सर सांगत होते. "हा लाईट शिकवून येत नाही." ते माझ्याकडे बघून मान डोलावत होते. ते माझं कौतुक करत होते. माझ्या आईला अख्खा वर्ग बेवडी म्हणत होता आणि माझं कौतुक चाललं होतं.

हे ऐंशीच्या दशकातलं. गिरण्यांचा संप होऊन गेला होता, माझे काका त्यात घरी बसले होते. आम्ही विक्रोळीला, खाडीच्या बाजूच्या वस्तीत. बाबा कारखान्यात हेल्पर. आई कंपनीच्या कॉलनीत धुणीभांडी करायची. त्यातल्या एका घरच्या साहेबांनी नवा कॅमेरा घेतला आणि जुना रशियन आईला देऊन टाकला, दिवाळीला जुनी साडी देतात तसा. आईने तो पदरात गुंडाळून आणला. "चालतो म्हनं," म्हणाली. "तुला घे. बगू काय करतंस."

मी बारावीला होते. त्या कॅमेऱ्याने मला वेड लावलं. पुढे अंधेरीच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये फोटोग्राफीचा दोन वर्षांचा कोर्स असतो हे कळलं, तेव्हा बाबा नको म्हणाले. टायपिंग शिक, नोकरी लागेल, म्हणाले. आई म्हणाली, "टायपिंग सगल्यांच्या पोरी शिकतात." विषय संपला. आमच्या घरात आईने एकदा म्हटलं की विषय संपायचा.

घाटकोपरपर्यंत जायचं, तिथून साकीनाक्यावरून अंधेरीची बस. वर्गात सगळी पार्ल्याची, जुहूची, बांद्र्याची पोरं. कुणाचा काका जाहिरातवाला, कुणाचे वडील डॉक्टर. कॅमेरे दुबईहून आलेले. पहिल्याच दिवशी सरांनी हजेरी घेताना माझं आडनाव वाचलं, थांबले, वर बघितलं. "गाव कुठलं?" मी सांगितलं. "राहायला?" मी सांगितलं. "बरं बरं," म्हणाले. त्या बरं बरंमध्ये काय असतं ते आमच्या लोकांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

पण सर शिकवायचे मात्र जबरदस्त. खोटं का बोलू? पुस्तक नाही, वही नाही. असाइनमेंट द्यायचे आणि म्हणायचे, जा, मरा. पांढऱ्या कागदावर पांढरं अंडं, आणि ते दिसलं पाहिजे. वस्तू नको, नुसती सावली आणा. स्वतःचं पोर्ट्रेट काढा, पण त्यात तुम्ही दिसायचं नाही. पोरं शिव्या घालायची. मला मात्र झिंग चढायची. घरातल्या एकुलत्या एका खिडकीत मी ते अंडं मांडून बसले होते. लाईट येईपर्यंत थांबायचं, गेला की उद्या. आई काम आवरता आवरता बघायची. "झाला काय गो फोटू? मंग पोली करते त्याची." शेवटी ते अंडं नासलं. वास सुटला तेव्हा आई इतकी हसली की तिला बसावं लागलं.

त्या अंड्याला सर म्हणाले, "तुला लाईट कळतो." एवढंच. मी त्या दिवशी बसमध्ये साकीनाक्यापर्यंत एकटीच हसत होते. त्या माणसाच्या एका शब्दासाठी मी काहीही केलं असतं. हे सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

सरांचा एक नियम होता. एकटा फोटो ते बघायचे नाहीत. अख्खा रोल एका कागदावर छापायचा, बारक्या बारक्या चौकटी, ओळीने. तिला कॉन्टॅक्ट शीट म्हणतात. शीट आणि सोबत निगेटिव्हच्या पट्ट्या, दोन्ही त्यांच्याकडे जमा करायच्या. एकही फ्रेम कापायची नाही. "मला तुमचे फोटो नकोत," म्हणायचे, "तुमचा डोळा कसा चालतो ते बघायचंय." मग भिंग लावून एकेक फ्रेम बघायचे आणि आवडलेल्या फ्रेमभोवती लाल पेन्सिलीने चौकट काढायचे. त्या लाल चौकटीसाठी वर्ग जीव टाकायचा. मीही.

आईचा फोटो मी कधी काढू शकले नाही. मी कॅमेरा उचलला की ती पदर तोंडावर घ्यायची किंवा सरळ मोरीत जाऊन उभी राहायची. "माजं कसलं थोबाड काडतंस? तुजा रोल फुकट जायल." लग्नातही तिचा फोटो निघाला नव्हता. रेशनकार्डावर काय ते नाव.

मग ती आजारी पडली. कावीळ. आधी गावठी औषध झालं, मग पालिकेचं हॉस्पिटल. तिथून ती चादरीत गुंडाळून घरी आली.

आमच्यात मयताचा फोटो काढतात. तुम्हाला ऐकून कसंतरी होईल. होऊ दे. ज्यांचा जिवंतपणी फोटो निघत नाही, त्यांचा निदान एक तरी असावा, एवढंच त्यामागे असतं. मयताला न्हाऊ घालतात, नवी साडी नेसवतात, खुर्चीत बसवतात. पाठीला फळी लावतात, छातीवरून कापड बांधून पदराखाली झाकतात. मान राहत नाही, म्हणून मागून कुणीतरी धरतं. मग हार घालायचा, घरचे भोवती उभे राहायचे, आणि फोटो. पुढे जलदानाचा विधी होतो तेव्हा तोच फोटो पाटावर ठेवतात, त्याला फुलं वाहतात. मग तो भिंतीवर जातो. आमच्या वस्तीतल्या भिंतींवरच्या निम्म्या माणसांचे डोळे मिटलेले आहेत.

स्टेशनाजवळचा स्टुडिओवाला त्या दिवशी कुठल्यातरी लग्नाला गेलेला. भावाने परत येऊन सांगितलं, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मावशी म्हणाली, "काड गो बाय. तू नाय काडलास तर कोन काडनार?" बाबा कोपऱ्यात डोकं धरून बसले होते.

कॅमेऱ्यात अर्धा रोल होता. सरांची असाइनमेंट: असं पोर्ट्रेट आणा की त्या माणसाला कॅमेऱ्याचं भान नसेल. पहिल्या काही फ्रेममध्ये स्टेशनातल्या भाजीवाल्या होत्या, खाडीतून चिंबोऱ्या घेऊन येणारे लोक होते. पुढच्या फ्रेममध्ये आई येणार होती.

"खुर्ची जरा दाराकडे घ्या," मी म्हणाले.

घेतली. दारातून लाईट येत होता, समोरच्या पत्र्यावरून उलटून आलेला, मऊ. मी कॅमेरा डोळ्याला लावला. त्या कॅमेऱ्यात एक बारीक सुई असायची. ती मध्ये आली की लाईट बरोबर. मी सुई बघत होते. "मावशी, हनुवटी जरा वर." मावशीने मानेमागून हात घालून हनुवटी वर केली. सुई मध्ये आली. मी बटण दाबलं. लाईटचा अंदाज घ्यायला, नुसती एक फ्रेम. हार अजून खाटेवर होता. बाबा कोपऱ्यातच होते.

मग हार घातला, सगळे उभे राहिले, आणि मी बाकीच्या फ्रेम काढल्या. मी रडत नव्हते. मी लाईट बघत होते. आजही हे माझ्या मानगुटीवर बसलेलं आहे.

स्टुडिओवाल्याच्या हातात तो रोल द्यायचा नव्हता. मी काढलाय, मीच धुणार, असा हट्ट होता माझा. धुवायची जागा एकच, अंधेरीची डार्करूम. म्हणून रडारड ओसरायच्या आतच मी बस पकडली. रोल धुतला, वाळवला, आधी कॉन्टॅक्ट शीट छापली. कुठली फ्रेम चांगली ते बघून आईचा मोठा फोटो करायचा होता. रविवारी जलदान होतं. शीट हातात, ओली, आणि दारात सर.

"कुठे होतीस इतके दिवस?"

"घरी अडचण होती, सर."

"तुमच्याकडे कायम काहीतरी अडचण असते. सबमिशन आज आहे, माहितेय ना? आण."

"सर, यात घरचे काही फोटो आहेत..."

"एकही फ्रेम कापायची नाही. नियम सगळ्यांना आहे." त्यांनी शीट घेतली, पट्ट्या घेतल्या, फाईलमध्ये टाकल्या.

"सर, मला शनिवारपर्यंत निगेटिव्ह परत हवीत. फार गरज आहे."

"बघू," म्हणाले, आणि गेले.

बुधवारी क्रिटिक झालं. ते तुम्हाला वर सांगितलंच. सरांनी स्वतः डार्करूममध्ये जाऊन ती फ्रेम मोठी केली होती. बाबांना कापून. खाटेवरच्या हाराला कापून. मला वाटलं, सरांच्या लक्षात आलं नसेल. अख्खा रोल बघायचा असतो त्यांना, एखादी फ्रेम नजरेतून सुटली असेल. मी स्वतःला हेच समजावत होते. ज्या माणसाला आपण मोठं मानलेलं असतं, त्याला वाचवायला आपणच धावतो.

आठवड्याचा सर्वात चांगला फोटो शनिवारपर्यंत बोर्डावर ठेवायची पद्धत होती. म्हणजे आई तिथेच राहिली.

गुरुवारी मी वर्गात आले तर आईच्या खाली, पांढऱ्या कडेवर, कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'चिअर्स'. मी थुंकी लावून ते बोटाने पुसलं. पुसलं गेलं नाही, नुसतं काळं पसरलं. मी बोर्डाकडे पाठ करून बसले, तर पाठीला जाणवायला लागलं. पोरं चहाचे ग्लास घेऊन तिच्यासमोर उभी राहून क्रिकेटच्या गप्पा मारत होती. एकाने जाता जाता तिच्यासारखी मान टाकून दाखवली. आणि मी? मी तासाला बसत होते, सर विचारतील त्याची उत्तरं देत होते.

संध्याकाळी शिपाई वर्गाला कुलूप लावायचा. मी बसमध्ये बसायचे आणि डोक्यात एकच, आई तिकडे आत राहिली. पंखा बंद, खिडक्या बंद. ती कधी अंधेरीला आली नव्हती. तिला तिथे कुणी ओळखत नव्हतं. असं वाटायचं की मीच तिला परक्या ठिकाणी बसवून आले आणि घरी जेवायला चालले. घरी यायचे तर ओट्याशी मावशी. चुलत्या, शेजारणी विचारायच्या, "फोटो झाला काय गो?" शुक्रवारी बाबा ताटावर बसल्यावर खाली मान घालून म्हणाले, "बाय, रविवारी पाटावर काय ठेवायचं?"

मी ताट सारून उठले. त्यांच्या आवाजात राग असता तर मी जेवले असते.

शनिवारी सकाळीच मी सरांच्या केबिनमध्ये गेले. फाईल टेबलावर होती.

"सर, निगेटिव्ह हवीत."

"बस. मीच तुला बोलावणार होतो." ते खूष होते. "वर्षअखेरच्या प्रदर्शनात मध्यभागी तुझा फोटो लावतोय. टाऊनमध्ये, चांगल्या गॅलरीत. तुला कल्पना आहे का, याने तुझं काय होईल?"

"सर, ती बाई प्यायलेली नाहीये. ती मेलेली आहे. ती माझी आई आहे."

मला वाटलं होतं ते उभे राहतील. हात जोडतील. निदान गप्प होतील. वाट बघत होते मी, खरंच.

"माहितेय मला," सर म्हणाले. "पुढच्याच फ्रेममध्ये हार आहे. इतकी वर्षं झाली, मला शीट वाचता येत नाही का?"

मी म्हणाले, "मग तुम्ही वर्गात का नाही सांगितलंत? ते हसत होते."

"सांगितलं असतं तर सगळ्यांनी सुतकी चेहरे केले असते. मला त्यांची पहिली, खरी प्रतिक्रिया हवी होती. हे शिक्षण आहे." मग पुढे वाकून, मला जवळची समजून बोलावं तसे म्हणाले, "असाइनमेंट काय होती? कॅमेऱ्याचं भान नसलेला माणूस. यापेक्षा भान नसलेलं कोण असणार? वर्गात एकालाही हे सुचलं नसतं. तुम्हा लोकांच्या घरात हे आयतं मिळतं. या पोरांना शोधत हिंडावं लागतं."

आयतं.

माझी आई पिवळी पडत पडत गेली. चादरीतून घरी आली. ते आयतं.

तेवढ्यात माझ्या आत काहीतरी तुटलं, आणि बरं झालं तुटलं. आजवर मला वाटायचं की हे हसतात कारण यांना माहीत नसतं. सांगितलं की कळेल, कळलं की लाजतील. समोरच्या माणसाला सगळं माहीत होतं. आडनाव माहीत होतं, गाव माहीत होतं, हार माहीत होता, कोपऱ्यात डोकं धरून बसलेला माझा बाप माहीत होता. माहीत असून त्याने कात्री लावली होती. लाज वाटत होती ती मला. मला! बुधवारपासून मी चोरासारखी खाली मान घालून हिंडत होते. कशाची लाज? कुणाची?

मी फाईलला हात घातला. सरांनी तिच्यावर पंजा ठेवला.

"भावना बाजूला ठेव. फोटोग्राफर व्हायचंय ना? हा आता तुझ्या आईचा फोटो राहिलेला नाही."

"हात काढा," मी म्हणाले.

सर म्हणायचं राहूनच गेलं. राहिलं ते राहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात काढला. मी फाईल उघडली, माझ्या पट्ट्या काढल्या, शीट काढली. आईच्या त्या फ्रेमभोवती लाल चौकट होती. जिच्यासाठी मी जीव टाकत होते ती.

तिथून सरळ वर्गात. सगळे आलेले होते. मी बोर्डावरच्या टाचण्या काढायला लागले. मागून सरांचा आवाज, "तो प्रिंट इन्स्टिट्यूटचा आहे. कागद आमचा आहे."

"कागद तुमचा असेल," मी म्हणाले. "तोंड माझ्या आईचं आहे."

मी वळले. "ही माझी आई. ही कावीळ होऊन मेली. दारूचा थेंब तिने कधी तोंडाला लावला नाही. आणि लावला असता तरी तुम्हाला हसायचा हक्क नव्हता. मागचा हात माझ्या मावशीचा आहे. मेलेल्या माणसाची मान राहत नाही, म्हणून धरलीय. तुमच्या सरांना हे पहिल्यापासून माहीत होतं."

केदारचा चेहरा उतरला. "सॉरी यार. आम्हाला माहीत नव्हतं ना."

"विचारलंत का? फोटो कुणी काढलाय ते माहीत होतं. मी इथे बसले होते. एकाने तरी विचारलंत, ही कोण म्हणून?"

जुहूची मुलगी रडायला लागली. मला तिचं रडणं नको होतं. बुधवारी हसली होती, शनिवारी रडत होती, दोन्ही वेळा मी तिच्यासाठी खेळच होते.

"ही सबमिशन रद्द," सर म्हणाले. "शून्य."

"घाला."

मी बाहेर जाईन असं त्यांना वाटलं असणार. मी डार्करूममध्ये गेले आणि आतून कडी लावली. मला रविवारसाठी फोटो पाहिजे होता, आणि तो मी करूनच जाणार होते. लाल बल्ब लावला, निगेटिव्ह मशीनमध्ये घातली. हार घातलेली फ्रेम. पुरी. बाबा, भाऊ, मावशी, दारातली माणसं, सगळी. कुणालाही कापायचं नव्हतं.

बाहेरून दार वाजायला लागलं. "उघड! हा काय तमाशा आहे?" मी उघडलं नाही. ट्रेमध्ये कागद बुडवला. कागदावर आधी काळं येतं, उजेडाच्या जागा मागाहून. बाबांच्या शर्टाची बाही आली. मावशीचे केस आले. खुर्चीचे पाय आले. आईच्या जागी बराच वेळ नुसतं पांढरं होतं. दार वाजत होतं. मी ट्रे हलवत होते आणि म्हणत होते, ये गो, ये, घरी जाऊया. हळूहळू तिच्या पापण्या आल्या, मग ओठ. सगळ्यात शेवटी आली ती. तेव्हा रडले मी, पहिल्यांदा. हुंदके देऊन, तोंडात ओढणी कोंबून.

फोटो धुतला, ओलाच कागदात गुंडाळला आणि कडी काढली. दारात सर होते. मी बाजूने निघून गेले.

रविवारी पाटावर फोटो होता. बाबांनी बघितला. "सगली आलीत," एवढंच म्हणाले, आणि फोटोच्या काचेवरून हात फिरवला. बोर्डावरून काढलेला तो कापलेला फोटो मी कुणाला दाखवला नाही. फाडताही येईना. आईचं तोंड कसं फाडू? तो गुंडाळून ट्रंकेत ठेवला.

भाऊ म्हणाला, "आता तिकडे जायचं नाही." मावशीही तेच म्हणाली. मी सोमवारी गेले. खिडकीजवळच्या माझ्या जागेवर जाऊन बसले. का सोडू? मी गेले असते तर त्यांनी नवीन पोरांना सांगितलं असतं, होती एक, टिकली नाही, यांच्यात टिकत नाही कुणी. सरांनी हजेरी घेतली, माझं आडनाव वाचलं, वर बघितलं नाही. मी "हजर" म्हणाले. जरा मोठ्यानेच.

राहिलेली असाइनमेंट मी पुन्हा केली. भान नसलेलं माणूस मी आणलं नाही. विक्रोळीत जाऊन सांगून काढले. मावशीला सांगितलं, बस, कॅमेऱ्यात बघ. शेजारच्या आजीला सांगितलं, मरेपर्यंत थांबू नको, आत्ता बस. सगळ्यांचे डोळे उघडे, सरळ समोर. सरांनी शीट भिंगाखाली घेतली आणि म्हणाले, "स्टुडिओवाल्यासारखे ताठ फोटो. काही नाही यात." लाल चौकट नाही. पुढच्या वेळीही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. दोन वर्षं मी लाल चौकटीविना काढली आणि पास झाले, काठावर.

मग चाळीस वर्षं हेच काम केलं. छापखान्यांसाठी केलं, लग्नात केलं, मोर्च्यात केलं. एक गोष्ट पाळली. ज्याचा फोटो काढते त्याला आधी विचारते, आणि त्याचा फोटो सर्वात आधी त्याच्या हातात देते. यामुळे कामं गेली. जाऊ देत.

मागच्या वर्षी एका मुलाचा फोन आला. गोड बोलत होता. त्या काळातल्या फोटोंचं मोठं पुस्तक निघतंय. "मॅडम, तुमच्या एका फोटोबद्दल खूप ऐकलंय. क्रिटिकमधला. त्या वर्गाबाहेर तो कुणी बघितलेलाच नाही. सन्मानाने छापू. तुमची सगळी गोष्ट सोबत देऊ."

"नाही," मी म्हणाले.

"पण मॅडम, लोकांनी बघायला नको का? किती पॉवरफुल आहे तो..."

"तू बघितलायस का?"

"नाही."

"मग पॉवरफुल कशावरून?"

मी फोन ठेवला.

ती पट्टी माझ्याकडे आहे, ट्रंकेतला तो कापलेला फोटोही. हार घालायच्या आधीची ती फ्रेम कुठे छापली जाणार नाही, कुठल्या भिंतीवर लागणार नाही, कितीही आदराने मागितली तरी. मी मेले की दोन्ही माझ्यासोबत जाळायचं, मुलीला सांगून ठेवलंय. हे वाचताना तुमच्याही मनात आलं असेल की एकदा बघायला मिळाला असता तर. नाही मिळणार. तुम्हाला माझ्या आईला बघायचं होतं तर ती जिवंत असताना यायचं होतं. विक्रोळी काही लांब नव्हती.